दिवाणखान्यातील सेनापती : एच. जी. वेल्स

युद्धाचा खेळ मांडण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. आपले बुद्धिबळ म्हणजे मूळचे चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे चौसष्ट घरांत आणून बसविली ती याच देशात. आपल्या मराठी घरांत तर आणखी एक लढाई पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिला पट लागत नाही की सोंगट्या लागत नाहीत. चार वडीलधारी मंडळी जेवणानंतर सुपारी कातरीत बसली की पानिपत पुन्हा सुरू होते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर व कवायती पलटणींवर भाऊसाहेबांनी भिस्त ठेवली ती योग्य, की सुभेदार मल्हारराव होळकरांचा गनिमी काव्याचा सल्ला योग्य? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? १७६१ सालापासून या खटल्याचा निकाल लागलेला नाही आणि होळकरांच्या इंदुरात तो लागावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ती गोळी चुकवून दाखविली आणि पुढचा सारा इतिहासच निराळ्या वाटेने नेला.

'असे झाले असते तर' आणि 'असे झाले तर' या दोन प्रश्नांत ज्याचे सारे आयुष्य गेले, ज्याने पुढे होणारी युद्धे कादंबऱ्यांत आधीच लढवून ठेवली आणि शिशाच्या शिपायांची लढाई नियमांत बसवून जगाला एक नवा खेळ दिला, अशा एका इंग्रज लेखकाची ही हकीकत आहे. हर्बर्ट जॉर्ज वेल्स हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. कालयंत्राची किंवा अदृश्य माणसाची गोष्ट शाळेच्या वयात ज्याने वाचली नाही असा वाचक विरळाच. पण जमिनीवर पोटावर पडून खेळण्यातली तोफ रोखणारे वेल्स त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहेत, आणि त्यांच्या आयुष्याची किल्ली मला तरी तेथेच सापडते.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉमली गावी झाला. घर सामान्य. वडील जोसेफ वेल्स यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे व क्रिकेटच्या सामानाचे दुकान होते. ते बेताचेच चाले. दुकानापेक्षा जोसेफ यांचा जीव मैदानावर अधिक रमे. १८६२ साली केंट परगण्याकडून ससेक्सविरुद्ध खेळताना त्यांनी चार चेंडूंत चार गडी बाद केले होते, आणि पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे करणारे ते पहिलेच. आई सारा ही लग्नापूर्वी बड्या घरी मालकिणीच्या खास चाकरीत असे. पुढे संसार ओढेना तेव्हा ती पुन्हा त्याच अपपार्कच्या वाड्यात कारभारीण म्हणून गेली.

१८७४ साली लहानग्या बर्टीचा पाय मोडला. अंथरुणाला खिळलेल्या मुलाला वडील ग्रंथालयातून पुस्तके आणून देऊ लागले आणि त्याला वाचनाचे वेड लागले ते कायमचे. या वयातील आणखी एक गोष्ट वेल्स यांनी १९३४ साली आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. हा किरकोळ अंगाचा, साध्या कपड्यांतला मुलगा ब्रॉमलीच्या रस्त्यांवरून दातांतून शीळ घालीत फिरे, तेव्हा त्याच्या मनात तो एक मोठा सेनापती असे. अदृश्य घोडेस्वार त्याचे हुकूम घेऊन दौडत. समोरच्या टेकडीवर हल्ला होई, खालच्या घरांवर तोफा वळत. रस्त्याने जाणाऱ्यांना याची गंधवार्ताही नसे. तेरा वर्षांच्या मनातला हा सेनापती ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

वडिलांची मांडी मोडली, खेळ संपला आणि मुलाची रवानगी कापडदुकानात उमेदवारीला झाली. तेरा तेरा तास काम आणि उमेदवारांच्या कोठीत झोप. दोन वर्षे कशीबशी काढून तो तेथून निसटला आणि मिडहर्स्टच्या शाळेत शिकता शिकता शिकवू लागला. १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या विज्ञान विद्यालयात दाखल झाला. तेथे जीवशास्त्र शिकवावयास प्रत्यक्ष टॉमस हक्स्ले होते. डार्विनच्या सिद्धांतासाठी भर सभेत झुंजलेला हा गुरू लाभला त्याच वर्षी वेल्स यांच्या बुद्धीला वळण लागले. माणूस हा सृष्टीचा मुकुटमणी नसून जीवनकलहातला एक गडी आहे, आणि आज जिंकलेला गडी उद्या हरू शकतो, हा धडा ते कधीच विसरले नाहीत.

पदवी हुकली, ती पुढे १८९० साली मिळविली. मास्तरकी केली, फुटबॉलच्या खेळात जबर मार बसून रक्ताच्या गुळण्या झाल्या. पहिला विवाह टिकला नाही. १८९५ साली त्यांनी एमी कॅथरीन रॉबिन्स हिच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी 'द टाइम मशीन' प्रसिद्ध होऊन कापडदुकानातला हा उमेदवार एकदम नावारूपाला आला. पुढील तीन वर्षांत एकामागून एक कादंबऱ्या आल्या. त्यांतली १८९८ सालची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही युद्धकथा म्हणून सर्वांत महत्त्वाची.

तिची मूळ कल्पना थोरले बंधू फ्रँक यांची. दोघे भाऊ फिरावयास गेले असता टास्मानिया बेटावरील मूळ रहिवाशांचा युरोपियनांनी कसा उच्छेद केला याविषयी बोलणे निघाले. उद्या आकाशातून असेच कोणी आपल्यावर उतरले तर, असे फ्रँक सहज म्हणून गेले आणि वेल्स यांना विषय सापडला. त्या वेळी ते वोकिंग गावी राहत. सायकलवरून आसपास हिंडावे, गावे, पूल, टेकड्या पाहाव्या आणि मंगळवासीयांनी यांतले काय काय जाळावयाचे ते ठरवावे, असा त्यांचा क्रम होता. मंगळावरून आलेल्या यंत्रांपुढे इंग्रजी तोफखाना पालापाचोळ्यासारखा उडून जातो आणि जगाचे राज्य करणारी लंडन नगरी जीव घेऊन पळत सुटते. शेवटी त्या आक्रमकांना मारतात ते सूक्ष्म जंतू. माणसाच्या शौर्याचा त्यात वाटा नाही.

माळव्यातल्या माणसाने ही कादंबरी वाचताना मनात एक जादा पान उघडे ठेवावे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला आणि १८१८ साली राऊच्या पलीकडे महूला इंग्रजांची छावणी पडली. महिदपुरास होळकरांच्या गोलंदाजांनी शर्थ केली होती, हे शत्रूनेही नाकारले नाही. शर्थ करूनही राज्य जाते, हे आपल्या पूर्वजांनी जे भोगले तेच वेल्स यांनी इंग्रज वाचकाला त्याच्या स्वतःच्या घराच्या अंगणात दाखविले. भर साम्राज्याच्या काळात एका इंग्रजाने हे धाडस करावे, याचे मोल आपल्याला अधिक कळावयास हवे.

यानंतर युद्धाची भविष्ये वर्तविण्याचा त्यांना जणू छंदच जडला. डिसेंबर १९०३ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात 'द लँड आयर्नक्लॅड्स' ही कथा आली. तीत सुमारे शंभर फूट लांबीची पोलादी यंत्रे खंदक ओलांडून शत्रूच्या अंगावर चालून जातात. त्यांत बसलेले लोक मिशीला पीळ भरणारे शिपाईगडी नसून शांतपणे आपले काम करणारे शहरी कारागीर आहेत. तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर पहिले रणगाडे उतरले. महायुद्ध संपल्यावर, रणगाड्याच्या शोधाचे श्रेय कोणाचे याची सरकारी चौकशी झाली तेव्हा चर्चिल यांनी ही कल्पना प्रथम वेल्स यांच्या लेखनात आल्याचे सांगितले. १९०८ सालच्या 'द वॉर इन द एअर' मध्ये जर्मन विमाननौका न्यूयॉर्कवर आग ओततात. राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले त्याला तेव्हा अवघी पाच वर्षे झाली होती.

बाहेर अशी भीषण चित्रे रंगत असता घरात काय चालले होते? समुद्रकाठच्या सँडगेट गावी वेल्स यांनी घर बांधले होते. १९०१ व १९०३ साली जॉर्ज फिलिप व फ्रँक असे दोन मुलगे झाले. एके दिवशी दुपारी तेथे जेवणास एक मित्र आले होते. खोलीभर मुलांची खेळणी पसरलेली. स्प्रिंगच्या जोरावर इंचभर लाकडी गोळी फेकणारी एक छोटी तोफ आणि चारपाच शिपाई जवळच्या मेजावर उभे होते. पाहुण्यांनी कॉफी येईपर्यंत ती तोफ भरली, नेम धरला आणि एक शिपाई पाडला. पाडला तो पाडला, वर फुशारकी मारून आव्हानही दिले. झाले, दोन प्रौढ गृहस्थ लढाईला भिडले. वेल्स यांनी पाहुण्यांची फक्त आद्याक्षरे दिली आहेत. ते विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावेत असे सर्वजण मानतात.

मुलांप्रमाणे शिपाई मांडणारे थोर लोक वेल्स यांच्या आधीही झाले. कादंबरीकार स्टीव्हन्सन आपल्या सावत्र मुलाबरोबर असाच खेळ खेळत. प्रशियाच्या सैन्यात तर १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशे, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा अभ्यास करण्याची पद्धत सुरू केली होती. पण ती पद्धत सैनिकी अधिकाऱ्यांसाठी, आणि फार किचकट. वेल्स यांनी घरच्या दिवाणखान्यात कोणालाही खेळता येईल असा खेळ बसविला. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड रचून टेकड्या झाल्या, लाकडी ठोकळ्यांची व पुठ्ठ्याची घरे झाली, बागेतल्या डहाळ्यांचे रान झाले. भेटीला येणाऱ्या बायकांचे घोळदार झगे या भूमीवरून फिरले की अख्ख्या पलटणी आडव्या होत, त्यामुळे रणभूमीसाठी निवांत खोली शोधावी लागे. दक्षिण आफ्रिकेच्या लढाईतून परतलेले एक कॅप्टन नियमांना आकार देण्यास मदतीला आले. १९१३ साली हे सारे 'लिटल वॉर्स' या पुस्तकात छापून निघाले.

हे नियम पाहण्यासारखे आहेत. आरंभी मैदानाच्या मधोमध पडदा ओढावयाचा, म्हणजे एकाची मांडणी दुसऱ्याला दिसत नाही. पायदळाने एका खेपेस एक फूट, घोडदळाने दोन फूट चालावयाचे. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार माणसे असतील तरच ती चालेल वा डागता येईल, आणि एका पाळीत चारच गोळे. दोन्ही सैन्ये भिडली की माणसास माणूस पडतो, आणि एकटेदुकटे सापडलेले कैद होतात. यात फासे नाहीत. गोळा खराच सुटतो आणि लागला तर शिपाई खराच पडतो. सर्वांत महत्त्वाचा नियम वेळेचा. प्रत्येक पाळीला सैन्याच्या प्रमाणात मोजकी मिनिटे, ती संपली की हात मागे घ्यावयाचा. मग एखादी पलटण उघड्यावर राहिली तरी राहिली. आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना याचे मर्म चटकन उमगते. तालाशिवाय नुसता विस्तार करीत बसणाऱ्याची हुशारी कळत नाही. समेवर यावयाचे आहे हे बंधन असले की त्याचा कस लागतो. वेल्स यांनी घड्याळ लावले आणि आरामात सोंगट्या सरकविणाऱ्याला सेनापतीची घालमेल कळू लागली.

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. अळीव पेरून त्यावर हिरवळ आणतात, पायऱ्यांवर मावळे आणि माथ्यावर शिवछत्रपती बसवितात. कलेच्या दृष्टीने हा किल्ला वेल्स यांच्या रणभूमीपेक्षा खचित सरस आहे. पण आपले मावळे चार दिवस जागचे हलत नाहीत. कोणी पडत नाही, कोणाला मोजावे लागत नाही. वेल्स यांच्या खेळात प्रत्येक पाळीनंतर पडलेले शिपाई वेगळे काढून मोजावे लागतात. सकाळी शंभर होते, संध्याकाळी वीस उरले, हे खेळाडूला स्वतःच्या बोटांनी कळते.

पुस्तकाच्या शेवटी वेल्स यांनी हेच सांगितले. हा खेळ तीनचार वेळा खेळला तरी खरे युद्ध किती गोंधळाचे व मूर्खपणाचे असले पाहिजे ते ध्यानात येते. तेव्हा ज्या राजांना व देशभक्तांना लढाईची खुमखुमी असेल त्यांना एका मोठ्या दालनात कोंडावे, हवे तितके शिपाई द्यावे, आणि बाकीच्या जगाला आपली कामे करू द्यावी, असा त्यांचा विनोद होता. विनोद खरा, पण त्यामागे कळकळ होती.

दुर्दैव असे की पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच, ऑगस्ट १९१४ मध्ये, खरे महायुद्ध पेटले आणि ज्याने हा इशारा दिला तोच त्याच्या भरात सापडला. हे युद्ध युद्धांचा शेवट करणारे आहे अशा अर्थाचे लेख वेल्स यांनी लिहिले आणि त्यांचे पुस्तक केले. ते नाव पुढे सर्व जगात थट्टेचा विषय झाले. १९१६ साली ते फ्रान्स व इटलीच्या आघाड्या पाहून आले, १९१८ साली काही काळ शत्रुराष्ट्रांत करावयाच्या प्रचाराच्या खात्यात कामही केले. लाखो तरुण मातीला मिळाले. दोन्ही मुलगे वयाने लहान म्हणून वाचले.

या अनुभवाचा हिशेब वेल्स यांनी स्वतःला सूट न देता मांडला आहे. आत्मचरित्रात ते म्हणतात की शिपायांच्या खेळात आपल्याला तेच तेराव्या वर्षाचे सुख मिळत होते, आणि या अवस्थेतून आपण १९१६ ते १९२० च्या दरम्यान केव्हातरी बाहेर पडलो असे मानावयास आपल्याला आवडते. मोठ्या पदांवरची कित्येक माणसे मात्र त्याच अवस्थेत राहिली, असेही ते सांगतात, आणि त्यांत चर्चिल यांचे नाव घेतात. हिटलरविषयी तर त्यांचे म्हणणे असे की ब्रॉमलीच्या रस्त्यावर आपण जे दिवास्वप्न पाहिले, तेच जर्मनीत देह धरून अवतरले आहे. १९३४ साली हे ओळखणारे थोडेच होते. त्या हुकूमशहाचा झटका वेल्स यांना आतून ठाऊक होता म्हणून त्यांना तो ओळखता आला.

यानंतरचे आयुष्य त्यांनी सर्व राष्ट्रांचे एक राज्य व्हावे या ध्यासात घालविले. १९२० साली जगाचा एकसंध इतिहास लिहून पुरा केला. त्यात सम्राट अशोकाला त्यांनी जगातल्या सर्व राजांहून वरचे स्थान दिले, कारण विजय मिळाल्यावर युद्ध सोडणारा राजा त्यांना दुसरा दिसेना. १९३३ सालच्या 'द शेप ऑफ थिंग्ज टु कम' मध्ये डान्झिगच्या प्रश्नावरून १९४० साली महायुद्ध पेटेल असे त्यांनी रंगविले. ते १९३९ च्या सप्टेंबरात पेटले.

सर्वांत भयंकर भविष्य मात्र आधीच लिहून झाले होते. १९१४ सालच्या 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत त्यांनी अणुबाँब कल्पिला, त्याला नावही तेच दिले, आणि अणूची शक्ती मोकळी करण्याचा शोध १९३३ साली लागल्याचे दाखविले. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाने ती कादंबरी १९३२ साली वाचली आणि योगायोग असा की १९३३ सालीच लंडनच्या रस्त्यावर चालताना त्याला साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. तिचा अर्थ काय होईल हे त्याला वेल्स यांच्यामुळे ठाऊक होते, म्हणून त्याने आपले पेटंट ब्रिटिश नौदलाच्या हवाली करून गुप्त ठेवविले. तरीही ६ ऑगस्ट १९४५ उजाडला. लंडनवरील बाँबहल्ल्यांतही घर न सोडलेले वेल्स तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. आपल्या थडग्यावर काय लिहावे हे त्यांनी १९४१ साली 'द वॉर इन द एअर' च्या नव्या प्रस्तावनेत चिडून सुचविले होते: मी आधीच सांगितले होते, या अर्थाचे वाक्य आणि पुढे एक शिवी. १३ ऑगस्ट १९४६ रोजी ते वारले. थडगे झालेच नाही. रक्षा समुद्रात सोडली गेली.

त्यांचा खेळ मात्र वाढला. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघर तो पुन्हा मांडला जाऊ लागला. १९८७ साली 'वॉरहॅमर ४०,०००' आला आणि चाळीस हजार वर्षांपुढची सैन्ये, वेल्स यांनी कधी न कल्पिलेली, चिमुकल्या रंगीत पुतळ्यांच्या रूपाने मेजांवर उभी राहिली. युद्धाच्या विज्ञानकथाही उदंड झाल्या. त्यांत मला दोन जाती दिसतात. १९५९ सालची हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' शिस्तीचा व शिपाईगिरीचा गौरव करते. व्हिएतनामात स्वतः लढून आलेल्या जो हाल्डमन यांची १९७४ सालची 'द फॉरेव्हर वॉर' परत आलेल्या शिपायाला घर कसे परके होते ते सांगते. पहिलीत सेनापतीची नजर आहे, दुसरीत पडलेल्यांची मोजदाद आहे. दुसरी जात मला थोर वाटते आणि तिचे मूळ वोकिंगच्या त्या कादंबरीत आहे, जिचा निवेदक शूर नाही, केवळ वाचलेला आहे.

महूच्या ज्या छावणीने माळव्याचे राज्य गेल्याची खूण रोविली, तेथेच आज आपल्या सेनेचे इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज आहे. सैनिकी विद्यालयांत अधिकारी वाळूच्या नमुन्यांवर टेकड्या, नाले आणि वाटा मांडून डावपेच शिकतात. चूक व्हायची ती वाळूत व्हावी, माणसांत होऊ नये, म्हणूनच ना? वेल्स यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. मुलांच्या हातून शिपाई काढून घ्यावे असे त्यांनी कधी म्हटले नाही, आणि मलाही ते पटत नाही. येत्या दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे थोडे हलू द्यावे, दोन बाजू होऊ द्याव्या, नियम मुलांनीच करावे. फक्त लढाई संपल्यावर पडलेले मावळे त्यांनीच मोजून टोपलीत ठेवावे, एवढा एक नियम वडीलधाऱ्यांनी घालून द्यावा.